मदत हवी आहे: कणकेचा गुळाचा केक मधोमध बसतो

नमस्कार मंडळी, रविवारी इंदूरलाच घरी सासूबाईंची 75 वी आहे. मैदा, अंडं नको. प्रमाण असं: चक्कीवरची लोकवन गव्हाची कणीक 150 ग्रॅम, किसलेला गूळ 120, दही 200, तेल 80 मिली, बेकिंग पावडर 1 छोटा चमचा, सोडा अर्धा, वेलची-जायफळ. 7 इंची डबा, 180 अंशांवर 35 मिनिटं.

काडी स्वच्छ निघते, वरून रंगही छान. पण दहा मिनिटांत मधला भाग खाली जातो आणि कापल्यावर तळाशी बोटभर चिकट, ओलसर पट्टा दिसतो. कडा मात्र कोरड्या. गूळ दह्यात पूर्ण विरघळवून गाळून घेतला, पीठ दोनदा चाळलं, कोंडा परत घातला.

मला संशय दह्याच्या पाण्यावर आहे. दही तासभर टांगून 150 ग्रॅम घ्यावं, की 160 अंशांवर 50 मिनिटं भाजावं? सोडा घातल्यावर मिश्रण थांबलं तर फुगवटा जातो, हे माहीत आहे. लगेच ओव्हनमध्ये जातं.

गूळही साखरच, त्यामुळे वाढवायचा नाही. 100 ग्रॅमवर आणला तर ओलावा टिकेल का? सफरचंदाचा गर घालणाऱ्यांनी तेल किती कमी केलं, तेही सांगा.