‘महिलांच्या फुटबॉलला प्रेक्षकच नाहीत’ म्हणणाऱ्यांना

मडगावकर: ‘मुलींच्या मॅच बघतं कोण? पगार बाजार ठरवतो’ ही इथली कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. बाजार नव्हे, फिफा ठरवते. 2022 ला पुरुषांच्या विश्वचषकात बक्षिसं 44 कोटी डॉलरची, 2023 ला महिलांच्या 11 कोटींची. तिजोरी एकच.

वास्कोकर: ती भरतं कोण, तेही लिहा. 2023 चे प्रक्षेपण हक्क वेगळे विकायला काढले, तर युरोपातल्या वाहिन्या 10 लाख ते 1 कोटी डॉलर देत होत्या. पुरुषांसाठी 10 ते 20 कोटी. खुद्द फिफाचे अध्यक्ष इन्फान्टिनो बोलले.

डिचोलीची: वास्कोकरबाब, त्याआधी ते हक्क पुरुषांच्या स्पर्धेला जोडूनच जायचे, किंमत लागणार कशी? आणि 1920 ला इंग्लंडात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांच्या मॅचला 53 हजार लोक होते. पुढच्याच वर्षी एफएने, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेने, आपली मैदानं त्यांना बंद केली, जवळजवळ पन्नास वर्षं.

फोंडेकर: क्रिकेटकडून शिका. 2022 पासून भारतीय महिला-पुरुषांची मॅच फी सारखी: कसोटीला 15 लाख, वनडेला 6, टी-ट्वेंटीला 3.

मडगावकर: गोव्यात फुटबॉलच्या धाग्यावरही क्रिकेटच! मॅच फी सारखी, आणि वार्षिक करार? तेव्हा पुरुषांची वरची श्रेणी 7 कोटी, महिलांची 50 लाख.

फोंडेकर: सुरुवात तरी केली ना? तुमच्या फेडरेशनने काय केलं?

डिचोलीची: 2023 ला वर्षाला किमान 3 लाख 20 हजार पगार जाहीर केला, तोही वरच्या आठ क्लबांतल्या किमान दहा भारतीय मुलींसाठी. महिन्याला पडतात सत्तावीस हजारांच्या आत. खरी मेख हंगामात आहे. 2023-24 ची आयडब्ल्यूएल, म्हणजे महिलांची राष्ट्रीय लीग, डिसेंबरला सुरू झाली, मार्चमध्ये संपली. करार तेवढ्याच महिन्यांचा असेल आणि जानेवारीत गुडघ्याचं एसीएल (आतला अस्थिबंध) गेलं, तर मैदानावर परतायला नऊ महिने. करार एप्रिलआधीच संपतो. पुढची फिजिओ, जिम, एमआरआय घरच्यांच्या खिशातून. घाईने परतली की तोच गुडघा पुन्हा जातो. एसीएल मुलींचं जास्त जातं, हे डॉक्टर सांगतातच. समान पगार राहू दे, आधी बारा महिन्यांचा करार आणि दुखापतीत पगार चालू, एवढं लिहून द्या.

वास्कोकर: बारा महिन्यांचं पटतं, नाइलाजाने. समान बक्षीस नाही पटत.

मडगावकर: अमेरिकेने 2022 च्या करारात दोन्ही संघांच्या विश्वचषक बक्षिसांतले 90 टक्के एकत्र करून सारखे वाटले. पुरुष खेळाडूंनीही सही केली.

वास्कोकर: त्यांचे दोन्ही संघ विश्वचषक खेळतात. आपण कुठल्या बक्षिसाची वाटणी करणार?

डिचोलीची: म्हणूनच करारावर बोला म्हणते.