फुकेत, फोटो आणि हात वर करणारं माकड

कुलकर्णी काकू, बी-३०४: हा व्हिडिओ बघा, किती गोड! गुदगुल्या केल्या की माकड हात वर करतंय. आमची सायली आणि जावई मंगळवारी फुकेतला निघालेत. तिथे याला खांद्यावर घेऊन फोटो काढून देतात म्हणे.

डॉ. जोशी, ए-१०२: काकू, सायलीला आजच फोन करा. हात लावू नका म्हणावं. माकड नाही, स्लो लोरिस आहे तो, माकडांचा दूरचा नातेवाईक. हात वर करतो तो घाबरून. कोपराजवळ आतल्या बाजूला ग्रंथी असते, तिथला स्राव चाटून लाळेत मिसळला की विष तयार.

सावंत, सी-५०१: माकड आणि विषारी? डॉक्टर, तुम्हीपण फॉरवर्डवर विश्वास ठेवायला लागलात?

डॉ. जोशी: सावंत, २०१२ मध्ये बोर्निओत, सारावाकच्या मुलूमध्ये एकाला चावला होता. चेहरा सुजला, श्वास लागला. अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अॅलर्जी. अॅड्रेनालीन मिळालं म्हणून सावरला.

नेहा, ए-६०३: काका, मला मांजराची अॅलर्जी आहे. याचा काही संबंध?

डॉ. जोशी: बरं विचारलंस. त्या स्रावातलं एक प्रोटीन मांजराच्या अॅलर्जनशी बरंच मिळतंजुळतं आहे. तुला त्रास होईलच असं नाही, पण तू चार हात लांबच बरी.

कुलकर्णी काकू: जावई अॅलर्जीची गोळी नेतायत, सेट्रिझिन. ती चालेल ना?

डॉ. जोशी: नुसतं पित्त उठलं तर ठीक. घसा आवळायला लागला, चक्कर आली, तर गोळीवर विसंबायचं नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला अॅड्रेनालीनचं इंजेक्शन, तेही ताबडतोब. चक्कर येत असेल तर आडवं झोपवा, चालवत नेऊ नका. आणि बरं वाटलं म्हणून लगेच हॉटेलवर परतायचं नाही, काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. जखम साबण लावून १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली. रेबीजच्या लशीचं डॉक्टरांना विचारायचंच.

सावंत: मग फोटोवाल्यांना कसा चावत नाही?

डॉ. जोशी: दात कापलेले असतात हो. बऱ्याचदा भूल न देता, नेलकटरने.

नेहा: शी! आणि रात्रीचा प्राणी ना तो? फ्लॅश मारतात तोंडावर.

सावंत: बरं, आपल्या पार्किंगमधली चिचुंद्री? तीपण विषारी का?

डॉ. जोशी: उत्तर अमेरिकेतल्या आखूड शेपटीच्या चिचुंद्रीच्या लाळेत विष असतं. आपल्या चिचुंद्रीसाठी कचऱ्याचा डबा झाकून ठेवा, एवढंच.

कुलकर्णी काकू: सायलीला सांगितलं. व्हिडिओपण डिलीट केला.

नेहा: काकू, अजून दिसतोय.

कुलकर्णी काकू: अय्या, फक्त माझ्याकडूनच गेला वाटतं. सेक्रेटरी, जरा बघा ना.