मदत हवी आहे: डेंग्यू-चिकुनगुन्याचे वेगवेगळ्या वर्षांचे आकडे एका आलेखात कसे मांडावेत?

नमस्कार मंडळी,

मी बार्शी तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. डासांमुळे होणाऱ्या विषाणूजन्य आजारांचा आलेख मुलांकडून करून घेऊन तो ग्रामसभेत मांडायचा आहे. बार्शीत 1973 साली चिकुनगुन्याची मोठी साथ येऊन गेली, हे मुलांना माहीतच नव्हतं. त्यानंतर हा आजार देशातून जवळजवळ दिसेनासा झाला आणि 2005-06 मध्ये परतला, तोही आफ्रिकेकडच्या वेगळ्या जनुकीय प्रकाराचा. मधल्या तीस वर्षांत जन्मलेल्यांनी हा विषाणू पाहिलाच नव्हता, त्यामुळे साथ कशी फोफावली असेल हे मुलांना पटकन उमगलं.

घोडं अडलंय ते आकड्यांपाशी. 2006 मध्ये देशात चिकुनगुन्याचे संशयित रुग्ण 13.9 लाख, पण प्रयोगशाळेत निश्चित झालेले सुमारे 2 हजारच. मग आलेखात कोणता आकडा धरायचा?

डेंग्यूचंही तसंच. सरकारी नोंदीत 2020 मध्ये 44,585 रुग्ण, 2021 मध्ये 1,93,245, 2022 मध्ये 2,33,251 आणि 2023 मध्ये 2,89,235. नुसती रेघ ओढली तर डास तीन वर्षांत सहापट झाले असंच कुणालाही वाटेल. पण 2020 ला सगळी यंत्रणा कोविडमध्ये अडकली होती, तापाचे कितीतरी रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत. शिवाय तपासणी केंद्रंही वाढत गेली. खासगी लॅबमधल्या झटपट कार्ड टेस्टवर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण सरकार निश्चित धरत नाही, त्यासाठी एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्ततपासणी लागते. आमच्याकडे बहुतेकांची तपासणी कार्डावरच होते, म्हणजे गावातला आजार कागदावर उमटतच नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं:

एकूण रुग्णांऐवजी तपासलेल्या दर शंभर नमुन्यांमागे किती पॉझिटिव्ह, हे दाखवणं जास्त योग्य ठरेल का? तालुकापातळीवर तपासलेल्या नमुन्यांचा आकडा कुणाकडे मागायचा, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे की थेट जिल्हा हिवताप कार्यालयात? माहिती अधिकाराचा अर्ज न करता मिळाला तर बरं.

दुसरं, आरोग्यसेवक घरोघर अळ्या तपासतात, त्याच्या महिनावार नोंदी शाळेला मिळतात का? मला याचीच जास्त ओढ आहे. आमच्याकडे टँकरच्या पाण्यावर दिवस काढणारी घरं उन्हाळ्यात रांजण, पिंप, हौद भरून ठेवतात आणि हे दोन्ही आजार पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो. डेंग्यू फक्त पावसाळ्यात होतो हा समज गावात पक्का आहे, आणि तो मला गावातल्याच आकड्यांनी खोडायचा आहे.

शेवटचं म्हणजे, 1973 च्या साथीची आठवण असलेलं इथे कुणी आहे का? किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचाराल का? कोणत्या महिन्यात ताप आला, सांधे किती दिवस धरले होते, गावाला पाणी कुठून यायचं, जे आठवेल ते इथेच लिहा. नावं नकोत, गाव आणि तेव्हाचं वय पुरेल.