मदत हवी आहे: टस्कनीत भाड्याच्या गाडीने फिरताना

नमस्कार मंडळी. मे महिन्यात मी आणि बायको इटलीला चाललोय. फ्लोरेन्सला गाडी घेऊन सिएना, मग सान क्विरिको, पिएन्झा, मोंतेपुल्चानो असा वाल दोर्चा खोऱ्याचा बेत आहे. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढलाय, उजवीकडून चालवायची मनाची तयारीही झालीय (बायकोची अजून नाही!).

खरी धास्ती झेडटीएलची, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या भागांची. जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं म्हणे. फ्लोरेन्समध्ये गाडी विमानतळावरूनच घेतली तर ही कटकट टळेल ना? आणि सिएनात तटबंदीबाहेर गाडी कुठे लावता?

दुसरं, आम्हाला शेतावरच्या आग्रितुरिस्मोमध्ये राहायचंय. तिथे जायला बरेचदा पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते असतात. छोटी गाडी चालते का? टायर आणि गाडीचा तळ विम्यात धरतात का, की वेगळे पैसे भरावे लागतात?

ऑटोमॅटिक महाग पडतेय, पण चढावर उलट्या हाताने गिअर टाकायची हिंमत नाही. स्वतः चालवून आलेल्यांनी सांगा. आम्ही शाकाहारी आहोत, पिएन्झाच्या पेकोरिनो चीजमध्ये रेनेट (प्राण्यांच्या जठरातून काढलेला, दूध गोठवणारा पदार्थ) असतं हे माहीत आहे, तेव्हा जेवणाचंही सुचवा.