रोबोचा कॅमेरा चांगले जॉबही (मशिन केलेले नग) रिजेक्ट करतोय, काय करावं?

शिरगावकर_क्यूसी:
गोकुळ शिरगावात आमचं मशिन शॉप आहे. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स हाउसिंगचं कास्टिंग शिरोलीहून येतं. कस्टमरनं शंभर टक्के तपासणी मागितली म्हणून मालकांनी कोबॉटवर (माणसांशेजारी काम करणाऱ्या रोबोच्या हातावर) कॅमेरा बसवला. सीलिंग फेसवरचं (जोड घट्ट बसतो त्या सपाट बाजूवरचं) ब्लो होल, म्हणजे ओतकामात गॅसनं पडलेलं छिद्र, तो पकडतो, पण कूलंटचा डाग आणि टूल मार्कही रिजेक्ट करतो. दुसऱ्या पाळीत तर लाल बिन भरून वाहते, मग तपासणीच्या ताई सगळं पुन्हा हातानं निवडतात. सेटिंगवाले येऊन थ्रेशोल्ड (किती दोषाला रिजेक्ट म्हणायचं ती मर्यादा) ढिला करून जातात. मला त्याचीच धास्ती वाटते.

उद्यमनगर_जुना:
भावा, थ्रेशोल्डला हात लावू देऊ नका. आज डाग सुटेल, उद्या खरं होल सुटेल आणि लाइन रिजेक्शन (कस्टमरच्या लाइनवर नाकारलेला माल) तुमच्या नावावर पडेल.

आधी जॉब धुवा, एअर मारून कोरडा करा. बोल्टच्या भोकात कूलंट साचून राहतं. कोबॉटनं जॉब फिरवला की ते फेसवर ओघळतं आणि कॅमेऱ्याला काळा ठिपका दिसतो. मग लाइट बघा. मशिन केलेला फेस चकाकतो. तिरका रिंग लाइट असेल तर टूल मार्क उठून दिसणारच. डोम लाइट लावा, उजेड सगळीकडून सारखा पडतो, टूल मार्क फिके होतात आणि होल काळंच राहतं. दुसऱ्या पाळीत त्रास वाढतो म्हणजे शेडच्या पारदर्शक पत्र्यातून येणारा उजेड बदलत असणार. स्टेशनला चारी बाजूंनी काळं कव्हर घाला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लिमिट सॅम्पल (कुठवरचा दोष चालतो ते दाखवणारे नमुना नग) आहेत का? किती मिलिमीटरपर्यंतचं होल चालतं, कडेपासून किती आत, हे कस्टमरच्या सहीनं ठरलेलं नसेल तर यंत्र तरी काय ठरवणार? 50 नग घ्या, त्यात काठावरचे मुद्दाम घाला. तीन ताईंकडून आणि कॅमेऱ्याकडून प्रत्येकी तीनदा तपासा, नंबर झाकून. कप्पा (kappa, तपासणाऱ्यांचे निकाल एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) 0.75 च्या वर आला तरच त्या निकालावर विसंबा.

शिरोली_मेल्टिंग:
एक भर घालतो. कॅमेरा फक्त वरचं बघतो. आतली श्रिंकेज (धातू थंड होताना आकसून पडलेली पोकळी) त्याला दिसत नाही, लीक टेस्ट बंद करू नका.

शिरगावकर_क्यूसी:
लिमिट सॅम्पल नाहीत, सगळं तोंडीच चाललंय. मालक विचारतात, रोबो जमला की ताईंना कमी करायचं का?

उद्यमनगर_जुना:
अजिबात नको, मालकांना माझा निरोप द्या. त्या बोट फिरवून सांगतात की हे वाळूचं आहे, हे गॅसचं. कॅमेऱ्याच्या फोटोंवर ओके-रिजेक्टचा शिक्का त्यांच्याकडूनच मारून घ्या, तेच त्याचं शिक्षण. लाल बिनचा शेवटचा निकालही त्यांचाच राहू द्या. आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला माहीत असलेला एक खराब नग घाला. तो पास झाला तर लाइन तिथंच थांबवा.