मदत हवी आहे: आईसाठी बटणांवर चालणारं, मराठी पुस्तकं ऐकवणारं यंत्र

आई ७४ वर्षांची, सांगलीत विश्रामबागला एकटी राहते. वयोमानामुळे दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, खराब झालाय. कडेचं दिसतं, मधली अक्षरं पुसट. नेत्रतज्ज्ञ म्हणतात, चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालंय.

भिंग आणि टेबल लॅम्प वापरून झाले, पानभर वाचलं की डोकं धरतं. स्टोरीटेल या ऑडिओबुकच्या ॲपवर ऐकायला तिला आवडतं, खरी अडचण वेगळीच आहे. कादंबरीत पात्रं जास्त असली की 'हा कोण बरं?' म्हणून ती पूर्वी सरळ चार पानं मागे जायची. ऐकताना ते जमत नाही. टचस्क्रीनवर बोट भलतीकडे पडतं आणि प्रकरणच बदलतं. मध्येच डोळा लागला तर विचारूच नका! वेग कमी करून पाहिला, तर निवेदक पेंगल्यासारखा वाटतो.

डेझी ही कमी दिसणाऱ्यांसाठीच्या बोलक्या पुस्तकांची पद्धत; त्या पुस्तकात प्रकरण, पान असं मागेपुढे जाता येतं, खूणही ठेवता येते, आणि सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात तशी पुस्तकं मिळतात, एवढं कळलंय. घरात वायफाय नाही. मी महिन्यातून एकदा जाऊन मेमरी कार्डवर पुस्तकं भरून देऊ शकतो. स्मार्ट स्पीकर कृपया सुचवू नका.

सांगली-मिरजेत कुणी डेझी प्लेअर वापरलाय का, आणि तो हातात घेऊन कुठे बघता येईल? सुगम्य पुस्तकालयात मराठी कादंबऱ्या माणसाच्या आवाजात कितपत आहेत? आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसताना नुसत्या नेत्रतज्ज्ञांच्या पत्रावर तिथलं सदस्यत्व मिळतं का?