मांसासाठीच्या कळपाला लसींचं वेळापत्रक कसं बसवावं?

कळपवाला:
मांसासाठी पाळलेल्या ६० गायी, १२ कालवडी, २ वळू. कळप वर्षातून दोनदाच खोड्यात (जनावर पकडून ठेवायच्या चौकटीत) येतो: वासरं २-३ महिन्यांची असताना आणि सातव्या महिन्यात दूध तोडताना. दोन्ही वेळा फऱ्याची लस टोचली जाते, बाकी काही नाही. यंदा दूध तोडल्यावर आठवड्याभरात १४ वासरं खोकू लागली, ताप १०५ च्या वर. शिवाय एका कालवडीने सातव्या महिन्यात गाभ टाकला. श्वसनरोगांची लस जिवंत (कमजोर केलेल्या जिवंत विषाणूंची) घ्यावी की मृत (मारलेल्या विषाणूंची)? कोणाला, कधी?

पशुवैद्यक:
आधी गाभाचं बघा. पडलेला गाभ, जार आणि कालवडीचं रक्त प्रयोगशाळेत जाऊ द्या. उघड्या हाताने शिवू नका. गाभ पाडणारा ब्रुसेलोसिस हा रोग माणसालाही होतो. त्याची स्ट्रेन १९ लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि पशुवैद्यकाच्याच हातून. वळूला कधीच नाही.

खोकल्याचं म्हणाल तर दूध तोडतानाच पहिली लस देणं म्हणजे उशीर. प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि आईपासून तुटलेलं वासरू त्याच दिवसांत आजारी पडतं. म्हणून कळप तिसऱ्यांदा धराच, दूध तोडण्याच्या ३-४ आठवडे आधी. तेव्हा आयबीआर, बीव्हीडी, पीआय-३ आणि बीआरएसव्ही या श्वसनरोगाशी संबंधित चार विषाणूंविरुद्धची एकत्रित लस द्या, दुसरी मात्रा दूध तोडताना. मृत लसीची एकच मात्रा दिली तर फारसा उपयोग होत नाही; ३-४ आठवड्यांनी दुसरी हवीच. जिवंत लसीचा परिणाम लवकर दिसतो, त्यामुळे माझी पसंती जिवंत लसीला.

चीक_आणि_जार:
थांबा, इथे धोका आहे. या गायींना आजवर जिवंत लस मिळालेली नाही आणि वासरं सहा महिन्यांची होईपर्यंत त्या पुन्हा गाभण असणार. गाभण आईला पिणाऱ्या वासराला जिवंत लस तेव्हाच चालते, जेव्हा आईला गेल्या १२ महिन्यांत त्याच प्रकारची लस मिळालेली असते. बाटलीवरच्या चिठ्ठीत हे लिहिलेलं असतं. ती वाचल्याशिवाय सुई भरू नका, लसीतला विषाणू वासराकडून आईला लागून गाभ पडायची भीती असते.

म्हणून पहिल्या वर्षी दूध तोडण्याआधी वासरांना मृत लस. जिवंत लस दूध तोडल्यावर, वासरं वेगळ्या कुंपणात घेतल्यानंतर. पाण्याची टाकीही गायींसोबत नको. गायींना पहिली जिवंत लस विल्यानंतर, पण वळू सोडण्याआधी किमान ३० दिवस. कालवडींना दोन मात्रा, शेवटची वळू सोडण्याआधी ३० ते ६० दिवस. हे जमलं की पुढच्या वर्षी पशुवैद्यक म्हणतात तसं करता येईल.

वासरांना पहिल्या आठवड्यांत हगवण लागत असेल तर त्याची लस गायीला, विण्याआधी. वासराला ती चिकातूनच मिळते, म्हणून पहिल्या ६ तासांत चीक पोटात गेला पाहिजे.

सुई_१६:
लस चांगली असूनही वाया जाते ती हाताळणीत. २ ते ८ अंश तापमान राखा, गोठू देऊ नका. भरलेली सिरिंज उन्हात ठेवू नका. जिवंत लसीची पूड द्रावणात मिसळली की तासाभरात संपेल एवढीच मिसळा. ५० मात्रांची बाटली फोडून दुपारपर्यंत पुरवू नका. जिवंत लसीची सिरिंज साबणाने किंवा जंतुनाशकाने धुऊ नका, राहिलेला अंश लस मारतो. उकळत्या पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि थंड होऊ द्या.

टोचायचं मानेतच, शक्यतो कातडीखाली: चिमटीत कातडी उचलून १६ नंबरची, पाऊण इंची सुई तिरपी घाला. मागच्या पुठ्ठ्यात टोचलं तर गाठ होते आणि चांगलं मांस कापून टाकावं लागतं. दर १०-१५ जनावरांनी सुई बदला, वाकलेली लगेच. आणि तारीख लिहून ठेवा, कारण बऱ्याच लसींनंतर कापण्याआधी २१ दिवस थांबावं लागतं, काही तेलयुक्त लसींना ६०.

पशुवैद्यक:
चीक_आणि_जार यांची अट बरोबर आहे, माझ्या उत्तरात ती राहिली होती. तसंच करा. आणि खोड्याजवळ ॲड्रेनलिन ठेवा: टोचल्यावर थोड्याच वेळात जनावर थरथरू लागलं, धाप लागली, तोंडाला फेस आला तर तिथल्या तिथेच द्यावं लागतं. मात्रा आधीच पशुवैद्यकाकडून लिहून घ्या.